उत्तर: बंद पडलेलं सायकलचं नाव आपल्या नावावर करणं

बंद पडलेल्या सायकल कंपनीचं नाव आपला ट्रेडमार्क म्हणून घेता येईल का, या प्रश्नावर कुणीतरी ‘कंपनी बुडाली, साडेचार हजार (ट्रेडमार्क अर्जाची फी) भरा नि नाव आपलं करा’ असं सुचवलंय; तो सल्ला जरा घाईचा आहे. सायकल एकही निघत नसली, तरी मालक दर 10 वर्षांनी फी भरून नावाची नोंदणी चालू ठेवू शकतो. ती नोंदवहीतून काढायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 47 खाली अर्ज करावा लागतो, आणि सलग 5 वर्षं वापर नव्हता हा त्यातला मुद्दा. तेव्हा आधी ट्रेडमार्क नोंदवहीत वर्ग 12 (सायकलींसह वाहनं) मध्ये शोध घ्या.

आमच्या इंदूरच्या काकांकडे आसनसोलची जुनी सेन-रॅले सायकल आहे. हँडलखालचा बिल्ला झिजून गुळगुळीत, चेनकव्हर मात्र शाबूत. नाव मिळालं तरी लुधियान्याच्या तयार फ्रेमवर नुसतं त्या जुन्या नावाचं स्टिकर लावलंत, तर काका (फार खवट माणूस) घंटी वाजवूनच ओळखतील.