पोर्तोमधला कामांचा दिवस आणि पिंपातली वाईन

डी-३०२ : नमस्कार सोसायटीकर मंडळी. आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालला निघालोय. टूरबरोबर नाही, आपलं आपणच. बी विंगच्या वहिनी नुकत्याच जाऊन आल्या असं लिफ्टमध्ये कळलं. पोर्तोला चार दिवस ठेवलेत, जास्त होतात का? आणि माझे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. तिथे चालणं किती आहे?

बी-७०४ : काकू, चार दिवस अजिबात जास्त नाहीत. पण त्यातला एक दिवस काहीही बघायचं ठरवू नका. आमचा सगळ्यात चांगला दिवस तोच झाला.

ए-११०२ : इतकं तिकीट काढून जायचं आणि एक दिवस रिकामा ठेवायचा?

बी-७०४ : रिकामा नाही दादा, कामांचा. आठव्या-नवव्या दिवशी बॅगेत सगळे मळके कपडे असतात, काहीतरी तुटलेलं असतं, काहीतरी संपलेलं असतं. ती कामं रोज थोडी थोडी करत बसलं की प्रत्येक दिवसाचा तुकडा पडतो आणि दोघांची चिडचिड होते. आमची लिस्बनमध्ये झाली होती. म्हणून पोर्तोला ठरवलं, दुपारी चारपर्यंत फक्त कामं आणि चारला पोर्ट या तिथल्या गोड वाईनचं टेस्टिंग. चारचं बुकिंग आधीच केलेलं होतं, त्यामुळे कामंही रेंगाळली नाहीत.

बी-७०४ : आता सविस्तर लिहिते, काकूंना उपयोगी पडेल. मेसेज मोठा होईल, चालवून घ्या.

बी-७०४ : सकाळी पहिलं काम कपडे. हॉटेलवाले एकेका शर्टाचे पैसे लावतात, ते देऊ नका. गल्लोगल्ली ‘लाव्हांदारिया’ म्हणून स्वतः कपडे धुवायची दुकानं आहेत. मशीनमध्ये साबण आपोआप पडतो, आपण फक्त नाणी टाकायची. धुणं आणि वाळवणं मिळून तासाभरात झालं. तेवढ्या वेळात शेजारच्या पोस्टातून आईला चिपळूणला कार्ड टाकलं.

दुसरं काम ह्यांचा बूट. तिथले रस्ते बारीक चौकोनी दगडांचे, वर चढ-उतार. लिस्बनच्या चढांवरच ह्यांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि दोन दिवस हे रबरबँड लावून चालत होते. हॉटेलच्या मुलीनं मागच्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं. आपल्या ठाण्यातल्या गोखले रोडवरच्या किल्लीवाल्याएवढंच, दोन माणसं उभी राहिली की भरलं. पाटीवर दोनच शब्द होते. एक ‘सापातेइरू’, म्हणजे चांभार. दुसरा ‘शाव्हश’, म्हणजे चाव्या. मी पाटीकडे बघतच राहिले. आमची आजी घरातल्या स्लिपर्सना शेवटपर्यंत ‘सपाता’ म्हणायची. तिकडे ‘सापातु’ म्हणजे बूट. आणि ‘शाव्ह’ म्हणजे आपली चावी! लिहिताना ते ‘च’च्याच अक्षरांनी लिहितात.

आतले आजोबा सत्तरीचे असतील. इंग्रजीचा एक शब्द नाही. त्यांनी बूट हातात घेतला, तळ मागेपर्यंत ओढून पाहिला आणि जिथे चिकटलेला होता तिथूनही सोडवला. आधीच्या गोंदाचा पिवळा थर पॉलिश कागदानं घासून काढला, दोन्ही बाजूंना नवीन गोंद बोटानं लावला आणि बूट बाजूला ठेवून दिला. आम्हाला वाटलं विसरले. तर म्हणे (हातवारे करून) गोंद आधी सुकायला हवा, मग दाबायचा. दहा मिनिटांनी लोखंडी ठशावर चढवून हातोडीनं कडेकडेनं ठोकला आणि टोकाला दोन टाके घातले. पैसे विचारले तर त्यांनी गल्ल्याकडे बोट करून एकच शब्द उच्चारला, ‘पागार’. म्हणजे पैसे देणं. आपला पगार! हे तर त्यांचा हातच हातात घेऊन उभे राहिले.

डी-३०२ : अगं किती छान. आणि गुडघ्याचं?

बी-७०४ : तेच सांगते. तिसरं काम माझा गुडघा. औषधाच्या दुकानाला ‘फार्मासिया’ म्हणतात आणि बाहेर हिरव्या दिव्यांची फुली लुकलुकत असते, लांबूनही दिसते. तिथल्या बाईंनी टेपनं गुडघ्याच्या वर आणि खाली मोजून पट्टा दिला. मापाशिवाय देईचनात. काकू, तुम्ही मात्र इथूनच नेहमीचा पट्टा घेऊन जा. आणि गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासकट लिहून घ्या, आपले ब्रँड तिथे कुणाला कळत नाहीत.

सी-१०४ : दुपारचं जेवण? आम्ही शाकाहारी.

बी-७०४ : बोल्यांव म्हणून जुनी मंडई आहे, दुरुस्ती करून २०२२ मध्ये पुन्हा उघडली. आपल्या जांभळी नाक्याच्या मंडईतल्या गर्दीची सवय असलेल्याला फारच शांत वाटते. फळं, चीज, पाव, ऑलिव्ह भरपूर. एक लक्षात ठेवा, ‘काल्दु व्हेर्द’ नावाचं हिरव्या पाल्याचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण वर सॉसेजच्या चकत्या टाकतात. ‘सें शोरिसु’ म्हणजे सॉसेज नको, हे आधीच सांगायचं. आणि ते प्रसिद्ध ‘नाता’ टार्ट अंड्याच्या बलकाचे असतात. अननसाला अननस आणि बटाट्याला बटाटाच म्हणतात, त्यामुळे बाजारात उपाशी राहणार नाही.

ए-५०१ : वहिनी, वाईनवर या आता.

सी-१०१ : एक सुचवू का? हा सोसायटीचा ग्रुप आहे, कॉलेजची मुलंही यात आहेत. दारूची चर्चा इथे नको असं मला वाटतं. राग मानू नये.

बी-७०४ : काका, राग कसला. तुमच्या मनात हे येणं बरोबर आहे. पिण्याचं कौतुक करायला मी लिहीत नाहीये. ह्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, आमच्या घरात बाटली नसते. ती वाईन बनते कशी हे समजून घेणं आम्हाला एखादी पैठणी विणताना बघण्यासारखं वाटलं. तेवढंच सांगते.

सी-१०१ : मग सांगा. मीही वाचतो.

बी-७०४ : आभार काका. तर पोर्तो नदीच्या एका काठाला आणि वाईनची गोदामं समोरच्या काठाला, त्या गावाचं नाव व्हिला नोव्हा द गाया. मध्ये दोरू नदी. तिच्यावर १८८६ साली बांधलेला लोखंडी दुमजली पूल आहे. खालून गाड्या, वरून मेट्रो आणि पायी चालणारे. पाण्यापासून जवळजवळ ४५ मीटर उंचीवर तुम्ही चालत असता आणि बाजूनं मेट्रो हळूच घंटा वाजवत जाते. काकू, वरच्या मजल्यावरूनच जा, सपाट आहे. पलीकडे खाली उतरायला रोप-वे आहे, तो घ्या. पायऱ्या उतरू नका.

द्राक्षं तिथली नाहीत, नदीच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर पिकतात. तिकडे उन्हाळा फार कडक. म्हणून पूर्वी वाईन पिंपांत भरून सपाट तळाच्या होड्यांतून खाली आणायचे आणि समुद्राजवळच्या थंड गोदामांत मुरायला ठेवायचे. त्या होड्या अजून काठाला बांधलेल्या दिसतात, आता शोभेला.

गोदामात शिरल्यावर पहिल्यांदा गारवा लागतो, मग वास. ओलं लाकूड, मनुका आणि जुन्या देवघरातला लाकडी डबा उघडल्यावर येतो तसा काहीतरी. अंधारात रांगेनं लाकडी पिंपं. गाईड मुलगी इंग्रजीत सांगत होती, ‘याला आम्ही पिपा म्हणतो, यात साधारण ५५० लिटर मावते.’ हे एकदम मराठीत म्हणाले, “अगं, पिंप!” तिनं विचारलं काय झालं. ह्यांनी मोबाइलवर आपल्या गच्चीतल्या निळ्या पिंपांचा फोटो दाखवला, मे महिन्यात पाणीकपातीच्या वेळी काढलेला. या पिंपाचं नाव तुमच्याकडूनच आमच्याकडे आलंय म्हटल्यावर तिनं तो फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

एफ-२०३ : निवृत्त शिक्षक म्हणून थोडी भर घालतो. १५३४ च्या तहानं वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. आपलं ठाणंही त्यांच्याच ताब्यात होतं. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, त्यांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई घेतली. दोनशे वर्षांच्या सहवासात पिंप, चावी, पगार, घमेलं, बालदी, लिलाव, नाताळ असे कितीतरी शब्द राहून गेले.

बी-७०४ : सर, मग हे ऐका. त्या वाईनचा मुलूख आखून द्यायचं ठरलं १७५६ साली, पोंबाल नावाच्या तिथल्या मंत्र्याच्या हुकमानं. म्हणजे वसई गेल्यावर सतरा वर्षांनी! गाईडनं ते साल सांगितल्यावर मला चिमाजी आप्पाच आठवले.

ई-६०३ : माझं माहेर वसईचं. नाताळ हा शब्द परका आहे हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. वहिनी, हे वाचून फार बरं वाटलं.

ए-५०१ : पण ही वाईन गोड का असते?

बी-७०४ : हेच मला सगळ्यात आवडलं. रस आंबायला लागला की यीस्ट त्यातली साखर खात सुटतं. दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाचंच ७७ टक्क्यांचं कडक मद्य ओततात. यीस्ट तिथेच थांबतं आणि साखर राहते. म्हणून गोड आणि म्हणून १९-२० टक्क्यांची, साध्या वाईनपेक्षा जड. नंतर लहान पिंपांत वर्षानुवर्षं ठेवली की लाकडातून हवा लागून लाल रंग उतरतो आणि ती पिंगट होते, तिला टॉनी म्हणतात. मोठ्या टाक्यांत ठेवलेली लालच राहते, ती रूबी. आमच्यापुढे तीन लहान पेले ठेवले, रूबी, दहा वर्षांची टॉनी आणि वीस वर्षांची. पेले खिडकीच्या उजेडात ओळीनं धरले तर कोकमाच्या सरबतापासून काकवीच्या रंगापर्यंत उतरत गेलेले.

बी-४०२ : साहेबांनी घेतली? मधुमेहात?

बी-७०४ : आधी डॉक्टरांना विचारून गेलो होतो आणि मंडईत पोटभर जेवलो होतो. लिटरमागे साधारण शंभर ग्रॅम साखर धरा, म्हणजे पन्नास मिलीत पाचेक ग्रॅम. ह्यांनी प्रत्येक पेल्यातला एकेक घोट तोंडात घोळवला आणि थुंकायला ठेवलेल्या भांड्यात टाकला. तिथे ती रीतच आहे, कुणी वळूनही बघत नाही. वास मात्र भरपूर घेतला. वीस वर्षांचीला अक्रोड आणि मनुकांचा वास येतो म्हणाले, आणि खरंच येतो. गोळ्या चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, हे मी कळकळीनं सांगते.

ए-५०१ : बाटल्या आणता येतात?

बी-७०४ : माणशी दोन लिटरपर्यंत कस्टमला चालतं. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या झाल्या, तिसरी धरली की सव्वादोन होतात. केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये. आम्ही एकच आणली, माझ्या भावासाठी. धुतलेल्या कपड्यांच्या मधोमध, ह्यांच्या दोन्ही मोज्यांत गुंडाळून.

डी-३०२ : तुझं सगळं ह्यांना वाचून दाखवलं. आता तेच म्हणतायत, गुरुवार कामांचा ठेवूया. आणि तो पट्टा?

बी-७०४ : काकू, पट्टा माझ्याकडे आहे, आणल्यापासून चारदाच घातलाय. तुमचं-माझं माप एकच असेल असं वाटतं. उद्या पाणी येऊन गेलं की टेप घेऊन येते, आधी मोजूया.