मिश्र माध्यमातील चित्र : कापडाचा रंग राखावा की रंगवावा?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी ॲक्रिलिक रंगांच्या जोडीला जुन्या कापडाचे तुकडे वापरून चित्रे करीत आहे. सध्याच्या चित्रात आजीच्या इरकली लुगड्याचा वीतभर डाळिंबी तुकडा पांढऱ्या कॅनव्हासवर चिकटवला आहे. तो इतका उठून दिसतो की शेजारी लावलेला कोणताही रंग त्याच्यापुढे टिकत नाही. त्याला थोडे शांत करावे म्हणून वरून शेवाळी रंगाचा पातळ हात दिला, तर तेवढा भाग गढूळ झाला. शिवाय कापडाच्या कडेने कॅनव्हासवर गुलाबी ओघळ उतरले. अशा वेळी कापडाचा रंग मूळ धरून बाकीचे चित्र रचावे, की कापडालाच आपल्या रंगयोजनेत ओढावे?

प्रतिसाद १

गढूळपणाचे कारण सोपे आहे. लाल आणि हिरवा हे परस्परपूरक, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, रंग असल्यामुळे एकावर दुसऱ्याचा पातळ थर दिला की दोघांचेही तेज जाऊन तपकिरी-करडी छटा उरते. गुलाबी ओघळ मात्र लुगड्याच्या कच्च्या रंगाचे आहेत. तुकडा चिकटवण्यापूर्वी ओले पांढरे फडके त्यावर दाबून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर कापडाच्या दोन्ही बाजूंना मॅट मीडियमचा (ॲक्रिलिकचे रंगहीन, चमक नसलेले माध्यम) हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावे आणि मगच वापरावे. आणखी एक गोष्ट म्हणजे ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होते, त्यामुळे ओल्या रंगाची कापडाशी केलेली तुलना फसवी ठरते.

प्रतिसाद २

आपल्या मूळ प्रश्नाला अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांची १९५५ मधील ‘बेड’ ही कृती जवळची आहे. त्यांनी उशी, चादर आणि चौकोनी ठिगळांची गोधडी लाकडी आधारावर ताणून भिंतीवर उभी केली. रंगांचे फटकारे आणि ओघळ मुख्यतः उशीवर आणि वरच्या भागात आहेत. खाली गोधडी बरीचशी जशीच्या तशी दिसते. रंगवलेला रंग आणि कापडात आधीच असलेला रंग एकमेकांत मिसळून न जाता शेजारी नांदतात आणि नजर एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहते, हे मला त्यात फार मोलाचे वाटते. माझ्या मते तुकड्याला हात लावू नये.

प्रतिसाद ३

मी थोडा असहमत आहे. जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९ पासून हॅनोव्हरमध्ये केलेल्या मेर्झ चित्रांत (टाकाऊ वस्तू चिकटवून केलेल्या आपल्या कृतींना त्यांनी दिलेले हे नाव) तिकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे आहेत, पण त्यांवरून तैलरंगही फिरलेला आहे. मिळालेली वस्तू त्यांनी रचनेपेक्षा मोठी मानली नाही. आजीचे लुगडे म्हणून आपण त्या तुकड्याला नको इतका मान देत नाही ना, हेही तपासावे (ही सवय मलाही आहे, म्हणून लिहितो). कापड रंगवायचेच असेल, तर विरुद्ध रंगाऐवजी जवळचा घ्यावा; डाळिंबीवर निळसर जांभळ्याचा पारदर्शक हात दिला, तर अंजिरी छटा येते आणि वीणही दिसत राहते. आधी पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर तो रंग लावून, वाळवून, तुकड्यावर ठेवून पाहावे, म्हणजे कापड वाया जाणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्लास्टिकच्या कागदाची युक्ती करून पाहिली. गंमत अशी की अंजिरी छटा कापडावर शोभलीच नाही, पण दुसरा एक गव्हाळी रंगाचा कागद सहज बाजूच्या पांढऱ्या कॅनव्हासवर सरकवला आणि डाळिंबी रंग एकदम निवला. म्हणजे त्याला उठाव देत होता तो शेजारचा कोरा पांढरा. आता पार्श्वभूमी गव्हाळी आणि राखाडी अशा दोन थरांत करीत आहे. गुलाबी ओघळही त्याखाली जवळजवळ झाकले गेले आहेत. गढूळ झालेला तुकडा काढून त्याच लुगड्याचा दुसरा तुकडा मॅट मीडियम लावून वाळत ठेवला आहे. त्याचा काठ ठेवावा की कापावा, हे अजून ठरलेले नाही.