सार्वजनिक सेवेसाठीच्या शिष्यवृत्तीतील सेवेची अट : स्वीकारावी की नाही?

कुतूहल

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून राज्यशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. पुढे सार्वजनिक धोरणात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आणि शासनात किंवा एखाद्या लोकोपयोगी संस्थेत काम करायचे, हे माझे पक्के ठरले आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शिष्यवृत्त्यांची माहिती जमवू लागल्यावर लक्षात आले की त्यांपैकी बऱ्याच शिष्यवृत्त्यांना शिक्षणानंतर ठरावीक वर्षे सेवा करण्याची अट जोडलेली असते. रक्कम पहिल्याच पानावर ठळक छापलेली असते, अट मात्र शेवटच्या पानांत शोधावी लागते.

घरच्यांचे म्हणणे असे की विसाव्या वर्षी पुढच्या कित्येक वर्षांची हमी लिहून देऊ नये. मला पैशांची गरज आहे आणि सेवेची इच्छाही मनापासून आहे, तरीही त्यांची काळजी अगदीच अनाठायी आहे असे म्हणवत नाही. अशी अट नेमकी कशी तपासावी, मध्येच काही कारणाने वाट बदलावी लागली तर काय होते, आणि अर्जात ‘मला समाजासाठी काम करायचे आहे’ यापलीकडे काय लिहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पानोपानी

तुमचा प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण सहीच्या आधी विचारलेल्या शंकेला काही खर्च नसतो. ‘सेवेची अट’ असे आपण सरसकट म्हणतो, पण तिच्यात बरेच प्रकार आहेत आणि खरा फरक वर्षांच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टींत असतो : सेवा कशाला म्हणायचे हे कोण ठरवते, आणि अट मोडल्यास रकमेचे काय होते.

अमेरिकेतील ट्रुमन शिष्यवृत्तीचे उदाहरण घेऊ. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे स्मारक म्हणून तेथील संसदेने १९७५ साली कायदा करून ही शिष्यवृत्ती सुरू केली. ती त्या देशाच्या नागरिकांपुरतीच आहे, परंतु नमुना म्हणून अभ्यासण्यासारखी आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी ३०,००० डॉलरपर्यंत साहाय्य मिळते आणि ते शिक्षण संपल्यानंतरच्या ७ वर्षांपैकी ३ वर्षे सार्वजनिक सेवेत काढावी लागतात. येथे सेवेची व्याख्या रुंद आहे : कोणत्याही स्तरावरचे शासन, शाळा, जनहितासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्था, हे सारे तिच्यात बसते. ७ वर्षांच्या मुदतीमुळे मध्ये एखादे वर्ष दुसरीकडे गेले तरी करार मोडत नाही. सेवा केलीच नाही तर मात्र रक्कम व्याजासह परत करावी लागते.

आता याच्या शेजारी त्याच देशातील राष्ट्रीय आरोग्य सेवा दलाची शिष्यवृत्ती ठेवून पाहा. वैद्यकीय आणि तत्सम शिक्षण घेणाऱ्यांना ती मिळते. साहाय्याच्या प्रत्येक वर्षामागे १ वर्ष आणि किमान २ वर्षे, आरोग्यसेवेची टंचाई असलेल्या भागातील मान्यताप्राप्त केंद्रात काम करावे लागते. अट मोडल्यास राहिलेल्या सेवेच्या प्रमाणात तिप्पट रक्कम व्याजासह भरावी लागते. ही तरतूद कठोर वाटते, पण डॉक्टर नसलेल्या गावांसाठी ती केलेली आहे आणि मला ती समजू शकते. फक्त सही करणाऱ्याला ‘तिप्पट’ हा आकडा आधी माहीत असला पाहिजे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. त्यात अट पूर्ण झाली नाही की अनुदानाचे रूपांतर कर्जात होते. भावी शिक्षकांसाठी अमेरिकेत ‘टीच’ नावाचे अनुदान आहे, ज्यात ८ वर्षांच्या आत ४ वर्षे, अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या शाळेत, शिक्षकांची कमतरता असलेला विषय शिकवावा लागतो. ते न झाल्यास अनुदानाचे कर्ज होते आणि व्याज रक्कम हाती आली त्या दिवसापासून लागते. याहून वाईट म्हणजे, प्रत्यक्षात शिकवत असलेल्या अनेक शिक्षकांचे अनुदान केवळ वार्षिक प्रमाणपत्र वेळेत न पोहोचल्यामुळे कर्जात बदलले गेले होते. पुढे तेथील शिक्षण खात्याला अशा प्रकरणांचा फेरविचार करावा लागला आणि २०२१ मध्ये नियमही बदलावे लागले. म्हणून सेवा केल्याचा पुरावा कोणी, केव्हा आणि कोणत्या नमुन्यात द्यायचा, हे करारातून शोधून आधी लिहून काढा. सेवा करण्याइतकेच तिची नोंद ठेवणेही तुमच्याच अंगावर असते.

दीपमाळ

पानोपानी यांनी सावधगिरीची बाजू उत्तम मांडली आहे. मला दुसरी बाजूही सांगावीशी वाटते, कारण केवळ दंडाची कलमे वाचून विद्यार्थी माघार घेतात आणि त्यात ज्यांना साहाय्याची सर्वाधिक गरज असते तेच आधी मागे फिरतात.

सिंगापूरमध्ये लोकसेवा आयोगाची शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना, शिक्षण देशात की परदेशात झाले यानुसार, साधारण ४ ते ६ वर्षे शासनात काम करावे लागते. त्या काळात नोकरीची शाश्वती आणि जबाबदारीची कामे हाती येतात. ज्याला तेच काम करायचे आहे त्याच्यासाठी ही अट पायात बेडी नसून हातात आलेली नियुक्ती आहे. सार्वजनिक पैशातून शिकलेल्याने काही वर्षे सार्वजनिक कामाला द्यावीत, ही अपेक्षा मला न्याय्य वाटते.

ज्यांना आधी हमी द्यायची नाही त्यांच्यासाठी उलट्या क्रमाची योजनाही काही ठिकाणी असते : आधी कर्ज काढून शिका, मग सेवा करा आणि उरलेले कर्ज माफ करून घ्या. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने अशी कर्जमाफी आली. शासनात किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करत १२० पात्र हप्ते भरले की बाकी माफ होते. ऐकायला हे सोपे वाटते, पण २०१७ मध्ये पहिले अर्जदार पात्र होऊ लागले तेव्हा सुरुवातीच्या काळातील ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले. कोणाच्या कर्जाचा प्रकार चुकीचा होता, तर कोणाची परतफेडीची योजना पात्र नव्हती. त्यामुळे आधी सही करण्याचे टाळले म्हणून नियम वाचण्यातून सुटका होते, असे समजू नये.

मसुदा

अर्जातील निबंधाबद्दल थोडे लिहितो, कारण असे अर्ज मी बरेच वाचले आहेत. ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असते, म्हणून ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ट्रुमन शिष्यवृत्तीच्या अर्जात विद्यार्थ्याला एक धोरणप्रस्ताव लिहावा लागतो आणि तो ज्या पदाधिकाऱ्याच्या हाती निर्णय आहे त्याला उद्देशून असावा लागतो. तुमच्या अर्जात असा प्रस्ताव मागितलेला नसला तरी सराव म्हणून तो अवश्य लिहून पाहा.

विषय लहान घ्या. ‘अपंगांचे सक्षमीकरण’ असे लिहू नका. कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या प्रवाशाला सवलतीच्या पाससाठी दरवर्षी नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र का जोडावे लागते, हा नियम कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने बदलू शकतो, बदलल्यास गैरवापराची कोणती भीती त्याला वाटेल आणि तिला तुमचे उत्तर काय, एवढेच लिहा. असा एक प्रश्न मुळापासून धसाला लावताना कार्यालयात जावे लागते, परिपत्रके वाचावी लागतात, खिडकीपलीकडच्या कारकुनाची अडचणही कळते. निवड समितीला त्यातूनच तुमची तयारी दिसते. शिवाय हे काम आपल्याला खरोखर आवडते का, याचे उत्तर सहीपूर्वी तुमचे तुम्हालाही मिळते.

कुतूहल

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या समोर असलेल्या एका करारात ‘संस्थेने मान्य केलेली सेवा’ एवढेच शब्द आहेत, व्याख्या कुठेही नाही. अशा वेळी काय करावे?

पानोपानी

तेथे थांबा आणि संस्थेला पत्र पाठवून लेखी उत्तर मागवा. तुमच्या मनातील दोन-तीन नोकऱ्यांची स्वरूपे नावानिशी लिहा आणि त्या मान्य होतील का, हे विचारा. आजारपण, बाळंतपण किंवा पुढील शिक्षण यासाठी सेवा पुढे ढकलता येते का, जागाच रिक्त नसल्यास मुदत वाढते का, आणि जामीनदार म्हणून पालकांची सही लागणार असेल तर त्यांच्यावर किती रकमेची जबाबदारी येते, हेही त्याच पत्रात विचारून घ्या. दूरध्वनीवरचे ‘हो, चालेल’ पुरेसे समजू नका. आलेले उत्तर कराराच्या प्रतीला जोडून ठेवा, आणि उत्तर आलेच नाही तर माझ्या मते अट नसलेली लहान शिष्यवृत्ती घेणे अधिक बरे.