संशोधनपर पुस्तक इंग्रजीत नसेल, तर ते पहिल्या दिवसापासून खुलं हवं

बोरू :
सार्वजनिक पैशांतून झालेल्या संशोधनाचं पुस्तक इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत निघत असेल, तर ते प्रकाशनाच्या दिवशीच सगळ्यांना मोफत वाचता यावं, असं माझं ठाम मत आहे. 2002च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून ओपन ॲक्सेसची, म्हणजे संशोधन सगळ्यांना मोफत खुलं करण्याची, चर्चा मुख्यतः नियतकालिकांतल्या लेखांभोवती फिरत राहिली. पुस्तकं मागे पडली आणि इंग्रजीबाहेरची आणखी मागे. इतिहास, कायदा, लोकसाहित्य या विषयांतलं मोठं काम मात्र पुस्तकांतूनच येतं, आणि बरेचदा ज्या समाजाविषयी ते असतं त्याच्याच भाषेत. अशा पुस्तकाच्या काही शे प्रती निघतात, मोजक्या ग्रंथालयांत जातात आणि आवृत्ती संपली की विषय संपला. जगभरच्या विद्यापीठांचं गिऱ्हाईक त्यांना मुळातच नाही. मग कुलूप लावून राखायचं काय?

ब्राझीलच्या सायेलो या खुल्या संशोधन-प्रकाशनाच्या उपक्रमाने 2012 मध्ये पुस्तकांसाठी वेगळा मंच काढला. तिथे विद्यापीठ प्रकाशनांची कितीतरी पोर्तुगीज पुस्तकं मोफत मिळतात. लॅटिन अमेरिकेत हा भार बहुतांशी सार्वजनिक विद्यापीठं उचलतात, लेखकाच्या नावे बिल फाडत नाहीत.

पानोपानी :
राखायचं काय? संपादन. मी एका छोट्या प्रकाशनसंस्थेत हेच काम करते. प्रबंध आला तसा पुस्तक होत नाही. प्रकरणं नव्याने बांधावी लागतात, संदर्भ तपासावे लागतात, नकाशा-चित्रांच्या परवानग्या मिळवाव्या लागतात, नामसूची, मुद्रितशोधन. हा सगळा खर्च पहिली प्रत हातात येण्याआधीच झालेला असतो. फाइल फुकट वाटली म्हणून तो कमी होत नाही. मोठे इंग्रजी प्रकाशक तो लेखकाच्या संस्थेकडून हजारो युरोंच्या शुल्कात वसूल करतात. छोट्या भाषेतल्या लेखकाने ते कुठून आणायचे? 2018च्या ‘प्लॅन एस’ने, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांच्या ओपन ॲक्सेस योजनेनेसुद्धा, पुस्तकांना लेखांपेक्षा जास्त अवधी लागेल हे मान्य केलं होतं. त्या काही शे प्रतींच्या विक्रीवर पुढच्या पुस्तकाचं संपादन होतं, हे विसरू नका.

बोरू :
मधला मार्ग आहे. फ्रान्सच्या ओपनएडिशन या प्रकाशन-मंचावर बरीच पुस्तकं वेबपानावर कुणालाही वाचता येतात, पीडीएफ आणि ईपब मात्र वर्गणीदार ग्रंथालयांच्या वाचकांना. वाचक अडत नाही आणि प्रकाशकालाही पैसे मिळतात.

पानोपानी :
फ्रेंच ही छोटी भाषा नव्हे. वर्गणी भरणारी ग्रंथालयं तिच्यामागे अनेक देशांत उभी आहेत. ज्या भाषेची ग्रंथालयं छापील पुस्तकच जेमतेम घेतात, तिथे वर्गणी कोण भरणार?

तळटीप :
माझा आक्षेप वेगळा आहे, परवान्याबद्दल. निधी देणाऱ्या संस्था सहसा ‘सीसी बाय’ या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा आग्रह धरतात. म्हणजे श्रेय दिलं की कुणीही पुस्तकाचं भाषांतर करून विकूही शकतो, लेखकाला न विचारता. इंग्रजी लेखकाला याचा फारसा त्रास नाही. त्याचं मूळ पुस्तक जगभर तपासता येतं. आमचं उलट. मूळ वाचणारे थोडे, त्यामुळे यंत्राकडून करवून घेतलेलं ढिसाळ इंग्रजी भाषांतर फिरू लागलं की जगाच्या लेखी तेच आमचं पुस्तक. जातिवाचक शब्द, शिव्या, विधींची नावं यांत एक चूक झाली तर ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्या माणसांचा अपमान होतो. या परवान्याच्या 4.0 आवृत्तीत बदल केल्याचं नमूद करणं बंधनकारक आहे, लेखक आपलं नाव काढायलाही सांगू शकतो. पण ते सगळं नुकसान झाल्यावर. खुलं करायला माझी ना नाही, पण ‘एनडी’सह, म्हणजे बदललेली रूपं प्रसिद्ध करायला मनाई असलेल्या अटीसह : वाचा, वाटा, भाषांतर प्रसिद्ध करायचं तर विचारा.

बोरू :
‘एनडी’ लावलंत तर चांगला, तळमळीचा भाषांतरकारही अडतो. लेखक वारल्यावर परवानगी कुणाकडे मागायची? वारसांचा पत्ता लागत नाही म्हणून पुस्तकं तशीच पडून राहतात. मुलाखतींची काळजी रास्त आहे, पण ती मजकूर छापण्याआधी घ्यायची.

तळटीप :
मजकूर मी मूळ भाषेच्या वाचकासाठी तोलून लिहिलेला असतो. परक्या भाषेत तो तोल कसा जाईल, हे आधी कसं कळावं? परवानगीसाठी संस्थेचा पत्ता पुस्तकातच छापता येतो.

सूचीकार :
तुम्ही परवान्यावर भांडताय, पण पुस्तक सापडलं तर वाचणार ना? 2012 पासून डीओएबी ही खुल्या पुस्तकांची जागतिक सूची आहे. तिथे जायचं तर परवाना स्पष्ट हवा, तज्ज्ञ-परीक्षणाची पद्धत सांगता यायला हवी, मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, लेखक, विषय वगैरे माहिती, नीट हवा. कित्येक संस्था पीडीएफ संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकून मोकळ्या होतात. युनिकोड ही सगळ्या लिपींची समान संगणकीय पद्धत येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल तर पडद्यावर अक्षरं सुरेख दिसतात आणि शोधायला गेलं की एक शब्द सापडत नाही. रोमनेतर लिपींची ही मोठी अडचण आहे. शीर्षक मूळ लिपीत आणि रोमनमध्ये, गोषवारा दोन भाषांत, प्रत्येक प्रकरणाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक, एवढं तरी करा. यालाही माणूस लागतो, त्याचा पगार खर्चात धरा.

पानोपानी :
तो पगार आणि पहिल्या प्रतीचा खर्च विद्यापीठाने करारातच लिहून, छपाईआधी दिला, तर पुस्तक पहिल्या दिवशी खुलं करायला मी तयार आहे. छापील प्रत विकण्याचा हक्क आमच्याकडे राहील. पैसे नसतील तर दोन वर्षं बंद.

बोरू :
दोन वर्षं फार झाली. पीएचडीचा विद्यार्थी तेवढ्या काळात विषय बदलून मोकळा होतो. सहा महिन्यांवर याल?

पानोपानी :
नाही. ग्रंथालयांच्या खरेदीला मंजुरी यायलाच वर्ष जातं.