कुलचिन्हाची किंमत: नगरदृश्यांच्या जुन्या ग्रंथांविषयी

नौपाडेकर: "कोणा उमरावाच्या कुलचिन्हाची, म्हणजे मालकी सांगणारी, चिठ्ठी चिकटवलेली आहे म्हणून नगरदृश्यांच्या, म्हणजे शहरांच्या छापील चित्रांच्या, पुस्तकाला जास्त पैसे मोजणे मूर्खपणाचे आहे, त्यापेक्षा सुटी पाने घेऊन भिंतीवर लावावीत," असे काल येथे लिहिले गेले. ते मला मुळीच पटलेले नाही. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या नगरदृश्यांच्या ग्रंथाचे सहा खंड जर्मनीतील कोलोनला 1572 ते 1617 या काळात निघाले. पहिल्याच खंडात आपले कालिकत आहे. अशा चित्रांत रंग हाताने भरत, त्यामुळे तो त्या काळचा की पुढे एखाद्या विक्रेत्याने चढवलेला, हा प्रश्न प्रत्येक प्रतीपुढे असतो. प्रत पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिली असेल आणि जुनी बांधणी व घरच्या ग्रंथयादीतील क्रमांक शाबूत असतील, तर त्याचा काही माग लागतो. सुट्या पानावरून तो कसा लावणार?

वाशीकर: माग लागतो म्हणून पैसे मोजले जातात, हे मला मान्य नाही. तितकीच निर्दोष प्रत एखाद्या शिक्षकाकडून आली, तर तिला तो भाव मिळत नाही. माझे वडील कारकून होते. ग्रिंडले या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या पश्चिम भारतावरील चित्रग्रंथातून सुटे झालेले एकच पान त्यांनी घेतले, आणि जुनी चित्रे पाहायला मी त्या पानावर शिकलो. अख्खा ग्रंथ आमच्या घरी कधीच आला नसता.

घंटाळीकर: भिंतीवर लावणाऱ्यांनी ठाण्याचा पावसाळा पाहिलेला नाही काय? माझ्याकडील, भारताची दृश्ये काढणाऱ्या डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांचे एक दृश्य फ्रेमवाल्याने पुठ्ठ्यावर सरळ खळीने चिकटवले आणि काचेत बसावे म्हणून खालचा समास कापला. चित्रकाराचे नाव आणि प्रकाशनाची तारीख त्या समासातच होती. दोन पावसाळ्यांत कागदावर तपकिरी ठिपके आले. डॅनियल यांच्या 144 अ‍ॅक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने छटा उठवून छापलेल्या) चित्रांचे संच अशा चौकटींसाठीच फोडले जातात, याची मला चीड आहे.

वाशीकर: बंद कपाटातील ग्रंथांना कसर लागत नाही काय? आमचे पान आम्लमुक्त पुठ्ठ्यावर, उन्हापासून दूर, आजही स्वच्छ आहे. फ्रेमवाल्याचा राग माझ्यावर काढू नका.

घंटाळीकर: तुमचे पान नीट राहिले, म्हणून ज्या ग्रंथातून ते निघाले तो पुन्हा अखंड होत नाही.

नौपाडेकर: उमराव म्हटले की केवळ विलायती लॉर्डच का आठवावेत? तंजावरच्या सरफोजीराजांनी जमवलेल्या युरोपीय ग्रंथांवर त्यांची स्वाक्षरी आढळते. एक मराठा राजा काय वाचत होता, याचा तो पुरावा आहे. ती पाने कोणी विकली असती, तर आपण गप्प बसलो असतो काय?

वाशीकर: सरफोजीराजांपुरते मान्य करतो, त्यापलीकडे नाही. त्यांचे ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयात अभ्यासकांसाठी आहेत. तुमच्याकडील नगरदृश्यांच्या ग्रंथाची प्रत मात्र तुमच्याशिवाय कोणी पाहिलेली नाही. आपल्या ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तेथे एखाद्या रविवारी ती उघडून दाखवा.

नौपाडेकर: दाखवीन. पाने मी उलटीन आणि छायाचित्रासाठी कोणी प्रखर दिवा लावणार नाही, या अटीवर.