एक पदवी आहे, आता दुसरी कोणती? – अनुभव सांगा

गोरेगावकर
भाचा बी.एस्सी. फिजिक्स झालाय. वर्षभर एका लॅबमध्ये नोकरी केली आणि आता म्हणतो, इंजिनिअरच व्हायचंय. घरात दोन तट पडलेत. बहीण म्हणते, ‘परत बीई? लग्नाच्या वयात जर्नलं लिहीत बसणार का?’ मेव्हण्यांचं म्हणणं, मधला पाया नसताना एम.टेक. झेपायचं नाही. यातलं काही स्वतः केलेल्यांनी लिहा. ‘कोडिंग शिक, डिग्री कोण विचारतो’ हे आम्हाला रोज सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकायला मिळतं, ते नको.

डोंबिवली_जलद
मी केलंय, दुसरी बॅचलर्स. बी.एस्सी.नंतर २०१४ साली बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे चाराऐवजी तीन वर्षं. बारावीला गणित होतं आणि पदवीला ४५ टक्क्यांच्या वर होते, म्हणून बसले नियमात. पण डिप्लोमावाल्यांच्या जागा भरून उरलं तर बी.एस्सी.वाल्यांना, त्यामुळे शेवटपर्यंत जीव टांगणीला.

खरी गंमत पुढे. दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि मेकॅनिक्सही पास व्हावं लागायचं. मला केटी लागली (विषय राहिला) ती ड्रॉइंगलाच. फिजिक्समध्ये पहिला वर्ग, आणि इथे शंकू तिरका कापला की समोरून कसा दिसेल ते डोळ्यांसमोरच येईना! शीट ठेवायची ती लांब नळी घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरायचं म्हणजे बायकांच्या शिव्या खायच्या. एकदा ठाण्याला नळीचं झाकण उघडलं आणि दोन रात्री जागून काढलेली शीट कुणाच्या तरी चपलेखाली गेली. ठसा खोडरबरने जाईना. सरांनी ती तशीच तपासली.

वर्गातली मुलं पहिले दोन महिने ‘मॅडम’ म्हणायची. नंतर सबमिशनच्या आदल्या रात्री हक्काने शीट मागायला लागली. आज एका बांधकाम कंपनीत आहे. तीन वर्षं गेल्याचं वाईट वाटत नाही, आईला मात्र अजून वाटतं.

ऐरोलीचा_मेकॅनिकल
माझं उलट. मेकॅनिकलची बीई, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. कॉम्प्युटरची दुसरी बीई करायचा विचार एका मित्राने हाणून पाडला. त्याचं ऐकून ‘गेट’ (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) कॉम्प्युटर सायन्समधून दिली (पेपर आपल्याच शाखेचा असावा लागत नाही), आणि स्कोअर तीन वर्षं चालत असल्याने दुसऱ्या वर्षी तोच वापरला. दुसरी शाखा कोण घेतो, हे मात्र प्रत्येक संस्थेचं वेगळं, माहितीपत्रक बारकाईने वाचा.

मुलाखतीत विचारलं, फक्त दोन स्टॅक (शेवटी टाकलेलं आधी निघणारी यादी) वापरून क्यू (आधी टाकलेलं आधी निघणारी) कर. मी फळ्यावर एकातून दुसऱ्यात आकडे ओतत बसलो. जमलं, पण ऑपरेटिंग सिस्टिमवर घसरलो. घेतलं तरी. महिना १२,४०० रुपये विद्यावेतन आणि त्या बदल्यात ज्युनिअर मुलांची प्रॅक्टिकल्स. पगार सोडून ह्यावर राहणं जड गेलं. पण दोन वर्षांत सुटलो.

चाळकरी
गोरेगावकर, एक बघून ठेवा. मी एम.एस्सी.वरून एम.टेक. केलं. शिकताना अडलं नाही, नोकरीला अडलं. इंजिनिअरिंग कॉलेजात असिस्टंट प्रोफेसरसाठी एआयसीटीईला (तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्रीय परिषद) बीई/बी.टेक. आणि एमई/एम.टेक. अशा दोन्ही पदव्या लागतात. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींतही बहुतेक ठिकाणी बीई/बी.टेक.च लिहिलेलं असतं. खासगीत कुणी विचारलंही नाही. भाच्याला कुठे जायचंय ते आधी विचारा.

विक्रोळी_जनरल_शिफ्ट
आमच्या वेळी एएमआयई होती, म्हणजे कॉलेजात न जाता परीक्षा देऊन बीईच्या बरोबरीला यायचं. डिप्लोमा करून कारखान्यात लागलो होतो. तिचे दोन टप्पे, सेक्शन ए आणि बी, देता देता मोठी मुलगी शाळेत जाऊ लागली. पण भाच्याला हा मार्ग सुचवू नका. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवलेल्यांना बीईच्या बरोबरीची मान्यता नाही.

गोरेगावकर
चाळकरी, विचारलं. त्याला मेट्रोच्या कामावर जायचंय, सिव्हिलच हवं, शिकवायचं अजिबात नाही. म्हणजे बहुतेक बीईच. डोंबिवली ताई, ते शंकूचं वाचून जरा गप्प झालाय.

डोंबिवली_जलद
होऊ दे. माझा मिनी ड्राफ्टर (शीटवर रेषा मारायचं साधन) माळ्यावर पडलाय, एक स्क्रू ढिला आहे. शनिवारी दादरला असते, पाठवा त्याला. नळी मात्र नवीन घ्या.