चंदीगढचं रॉक गार्डन: भंगारातून मूर्ती करणाऱ्या सासऱ्यांना दाखवायला न्यावं का?

अंगणातली_चिमणी
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये एका लग्नासाठी मोहालीला जातोय, सोबत सासरे आहेत. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत आणि तेव्हापासून अंगणात त्यांचा एकच उद्योग, सायलेन्सर, क्लच प्लेट, सायकलच्या चेनी जोडून मोर काय, बगळे काय, एक मारुतीसुद्धा केलाय. शिकलेत कुठे तर कुठेच नाही. दीर म्हणतात हे सगळं भंगारवाल्याला देऊन टाका, आणि खरं सांगायचं तर दर पावसाळ्यात सगळ्याला गंज चढतो आणि फरशीवर लाल डाग पडतात ते मलाच घासावे लागतात 😅 तर प्रश्न असे की रॉक गार्डन एवढं मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे का, की नुसता सेल्फी पॉइंट झालाय? त्यांचे गुडघे दुखतात, चालवेल का? आणि तिथलं काम एवढी वर्षं उघड्यावर टिकलंय कसं?

पुणेकर_पंजाबात
ताई, बिनधास्त न्या. आम्ही इथे बरीच वर्षं आहोत, पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी तिथेच नेतो. सेल्फीवाले असतात, पण सकाळी उघडल्या उघडल्या गेलात तर शांत असतं.

सासऱ्यांना आधी टाकाऊ सामानातून हे गार्डन उभं करणाऱ्या नेकचंद यांची गोष्ट सांगा, मग बघायला जास्त मजा येईल. नेकचंद सैनी, जन्म 1924 चा, गाव शकरगढ तालुक्यातलं, जे फाळणीत पाकिस्तानात गेलं. चंदीगढ बांधायला काढलं तेव्हा हे पीडब्ल्यूडीत रोड इन्स्पेक्टर. म्हणजे दिवसभर सरकारी रस्त्याची कामं आणि ड्युटी संपली की सायकल काढून सुखना तलावाजवळच्या जंगलात, तिथे बांधकामाला सक्त मनाई होती. 1950 च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली आणि कोणाला पत्ता लागू न देता वर्षानुवर्षं एकट्याने करत राहिले. नद्यांच्या पात्रातले चित्रविचित्र आकाराचे गोटे सायकलवरून आणायचे. सरकारला कळलं ते 1970 च्या दशकात, तोवर जवळपास 12 एकर भरलं होतं! पाडायचं की ठेवायचं यावर बराच खल झाला आणि शेवटी 1976 मध्ये लोकांसाठी उघडलं, त्यांना पगार दिला, हाताखाली मजूर दिले. 1984 ला पद्मश्री. 2015 मध्ये गेले. आता ते सगळं मिळून 40 एकरांच्या आसपास आहे.

गुडघ्यांचं मात्र बघा. वाटा खडबडीत, चढउतार, काही ठिकाणी पायऱ्या, आणि दारं मुद्दाम बुटकी ठेवलीत, वाकूनच जावं लागतं. मधे मधे बसायला जागा आहे. पहिल्या दोन भागांतच सावकाश फिरवा, शेवटच्या भागात धबधबे आणि मोठाले झोके आहेत, तिथे गर्दी असते.

उगाच_एक_शंका
मला एक कळत नाही, सरकारी जागेवर गुपचूप बांधलं म्हणजे अतिक्रमणच ना? आपल्याकडे गरिबाची टपरी एका सकाळीत उचलतात आणि इथे पद्मश्री. कौतुक करा पण हेही लक्षात असू द्या.

पुणेकर_पंजाबात
@उगाच_एक_शंका अतिक्रमण होतंच, ते कोणी नाकारत नाही. पण ते सामान आलं कुठून तेही बघा ना. वास्तुविशारद ले कॉर्बुझिएचं आखीवरेखीव शहर बसवायला इथली जुनी गावं उठवली, त्यांच्या पाडलेल्या घरांचा मलबा, फुटकी मडकी, कपबश्या, बांगड्या, हे सगळं नेकचंदनी गोळा केलं. म्हणजे ज्यांची घरं गेली त्यांचं सामान तरी त्याच शहरात राहिलं, तेही सेक्टर 1 मध्ये, हायकोर्ट आणि विधानसभेच्या शेजारी! आणि सरकारने एकदा मान्य केलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. 1990 च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा लोक साखळी करून आडवे उभे राहिले. 1996 ला नेकचंद परदेशात असताना शहराच्या प्रशासनाने तिथली माणसं काढून घेतली आणि कोणीतरी येऊन मूर्ती फोडून गेलं. 2025 मध्ये हायकोर्टाकडच्या रस्त्या-पार्किंगसाठी भिंतीचा एक भाग पाडलाच. त्यामुळे टपरीवाल्याला जी धास्ती असते ती यांनाही होतीच की.

सिमेंटवाला
टिकण्याचं मी सांगतो, धंदाच तो आहे आपला. मी तिथल्या मूर्ती हात लावून बघितल्यात (लावायचा नसतो, माहितीये). सासऱ्यांचं काम उघड्या लोखंडाचं आहे म्हणून गंजतं. नेकचंदचं लोखंड आत असतं, सायकलची फ्रेम, मडगार्ड, सळया, यांचा सांगाडा आणि वरून सिमेंट. सिमेंट ओलं असतानाच त्यात बांगड्यांचे, कपबशीचे तुकडे दाबून बसवलेत. एका रांगेत नुसत्या बांगड्यांचे झगे घातलेल्या बायका आहेत, जवळून बघा, प्रत्येक तुकडा आडवा रचलाय आणि कडाच फक्त बाहेर दिसतात, त्यामुळे ऊन पडलं की चकाकतं. एक भिंत तर इलेक्ट्रिकच्या जुन्या चिनी मातीच्या फिटिंगची आहे.

घरी करायचं तर सांगाडा वायरब्रशने घासून गंज काढा, त्यावर गॅल्व्हनाइजची कोंबडीजाळी बाइंडिंग वायरने घट्ट बांधा, एकास तीन सिमेंट-वाळू, पाणी कमीत कमी, आणि थर पातळ नको. थर पातळ राहिला की ओल आत जाते, लोखंड गंजून फुगतं आणि सिमेंटला तडा जातो. समुद्राजवळ राहत असाल तर अजून लवकर. नंतर निदान आठवडाभर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा, याचाच लोक कंटाळा करतात. केलेल्या मोराला मात्र सिमेंट लावू नका, वाट लागेल, त्याला रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट मारा पावसाळ्याआधी.

अंगणातली_चिमणी
सगळ्यांचे खूप आभार!! सासऱ्यांना वाचून दाखवलं. सिमेंटवाले दादा, त्यांचा प्रश्न आहे की एवढ्या बांगड्या आणायच्या कुठून, घरातल्या आम्हा दोघींच्या पुरणार नाहीत म्हणे 😂 आणि मारुतीला सिमेंट चालेल का?

सिमेंटवाला
कासाराला सांगून ठेवा, चुडा भरताना फुटलेल्या काचा तो टाकूनच देतो, लग्नसराईत पिशवीभर मिळतील. हातमोजे घाला. मारुतीचा फोटो टाका आधी, शेपटी कशाची केलीये त्यावर आहे.